पाऊस पडतो नागपुरात, पाणी येते छिंदवाड्यातून

नागकाठी (धागाकर्ता)

२२ सप्टेंबर २०२३ च्या शुक्रवारी आमच्याकडे महालक्ष्म्यांचे जेवण होते. शेवटची पंगत उठेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले, आवराआवर उद्यावर टाकून सगळे झोपले आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास न्हाणीघरातून बुडबुड असा आवाज येऊ लागला म्हणून मी उठलो. पाणी अजून दारातून आलेच नव्हते. घरातले पाणी ज्या जाळीतून बाहेर जाते, त्याच जाळीतून ते उलटे आत येत होते. दार उघडले तेव्हा रस्ता दिसत नव्हता आणि अंबाझरी तलावाकडून येणाऱ्या लोंढ्याने जिन्याची तिसरी पायरी गाठली होती. दोन्ही महालक्ष्म्या आणि त्यांची पिलवंडे माळ्यावर चढवली. घासूनपुसून ठेवलेली पितळेची पातेली मात्र स्वयंपाकघरात एकमेकांवर आपटत तरंगत राहिली.

विमानतळावरील वेधशाळेच्या केंद्रात त्या पहाटे साडेपाचपर्यंत १०६ मिमीच्या आसपास पावसाची नोंद झाली आणि त्यातला सुमारे ९० मिमी पाऊस दोन तासांत पडल्याचे तेव्हा सांगण्यात आले. हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्याच्या पुढे अत्यंत मुसळधार. १०६ हा आकडा यातल्या पहिल्याच पायरीवर बसतो. म्हणजे ज्या पावसाने सीताबर्डीपर्यंतच्या वस्त्या बुडवल्या, मोरभवनच्या बसस्थानकात पाणी घातले आणि माणसे नेली, तो कागदावर तसा साधाच ठरतो, कारण वर्गवारी दिवसाची आहे आणि आमचा पाऊस दोन तासांचा होता.

आता याच्या शेजारी दुसरी एक जोडी ठेवून पाहा. ६ जुलै २०१८ रोजी नागपुरात दिवसभरात अडीचशे मिमीच्या वर पाऊस झाला. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन येथेच भरले होते आणि विधानभवनाच्या वीजघरात पाणी शिरल्यामुळे सभागृहाचे कामकाज बंद करावे लागले. बरोबर एक वर्षाने, जुलै २०१९ मध्ये, याच शहराच्या नळांना दिवसाआड पाणी येऊ लागले. एवढे पाणी डोक्यावर पडूनही वर्षभरात घागर रिकामी कशी झाली, आणि यात हवामान बदलाचा वाटा किती व आपल्या हातचा वाटा किती, याची जाणकारांनी नीट फोड करून सांगावी, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

तिरपी_नजर

काका, आपल्या घरी झालेल्या नुकसानीबद्दल वाईट वाटते. परंतु ‘हवामान बदल’ हे अलीकडे फार सोयीचे पांघरूण झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याच जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात मोवाड वाहून गेले आणि २०४ माणसे गेली. तेव्हा कोणी ध्रुवावरच्या बर्फाला दोष दिला नव्हता. नागनदीचे पात्र दोन्ही काठांनी आत सरकले आहे, पावसाळी नाल्यांवर घरे उभी आहेत, सिमेंटचे रस्ते जुन्या घरांच्या जोत्यापेक्षा वीतभर उंच झाले आहेत आणि अंगणात गट्टू बसवल्यावाचून कोणाला चैन पडत नाही. अंबाझरीच्या सांडव्याजवळील, म्हणजे तलावाचे जादा पाणी जिथून बाहेर पडते तिथल्या, अडथळ्यांचा विषय तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. ही सगळी माणसाची करणी डोळ्यांसमोर असताना आकाशाकडे बोट दाखवण्याची घाई कशासाठी?

वाफसा

तिरपी_नजर यांच्या म्हणण्यातील निम्मा भाग मला पूर्ण मान्य आहे आणि उरलेला निम्मा का मान्य नाही, ते थोडे सविस्तर लिहितो. महाविद्यालयात तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे लांबण लावण्याची सवय जडली आहे, ती सांभाळून घ्यावी.

एका रात्रीच्या पावसाकडे बोट दाखवून ‘हा हवामान बदलाचा पाऊस’ असे म्हणता येत नाही, हे खरे. पण त्याच न्यायाने मोवाडकडे बोट दाखवून ‘काहीच बदललेले नाही’ असेही म्हणता येत नाही. प्रश्न असे प्रसंग पूर्वी घडत होते की नाही हा नसून ते किती वेळा घडतात हा आहे, आणि त्यासाठी अनेक दशकांच्या नोंदी एकत्र मांडाव्या लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे काम मध्य भारतासाठी केले. १९५१ ते २००० या पन्नास वर्षांत दिवसाला १०० मिमीच्या वरचे आणि १५० मिमीच्या वरचे पाऊस वाढलेले आढळले, मध्यम पाऊस कमी झालेला आढळला आणि संपूर्ण मोसमाची सरासरी मात्र फारशी हललेली नव्हती. हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्याची एकूण बेरीज तीच राहिली, पण त्या बेरजेतले आकडे बदलले. आणि आपण जूनपासून सप्टेंबरपर्यंतची फक्त बेरीज पाहून ‘यंदा सरासरीइतका झाला’ असे म्हणत राहिलो. त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या, आणि त्याचा संबंध उत्तर अरबी समुद्राच्या तापण्याशी व तिथून अधूनमधून आत घुसणाऱ्या बाष्पाच्या लोटांशी आहे.

यामागचे कारण गूढ नाही. हवा जितकी गरम, तितके अधिक बाष्प तिच्यात मावते. २५ अंशांना एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम, तर ३० अंशांना साधारण ३० ग्रॅम. दर अंशामागे ही वाढ सुमारे ७ टक्क्यांची पडते. परंतु पृथ्वीवर एकंदर पडणारा पाऊस दर अंशामागे साधारण १ ते ३ टक्क्यांनीच वाढतो, कारण त्याला पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनाची आणि वातावरणाच्या उष्णतेच्या जमाखर्चाची मर्यादा आहे. घरातले उदाहरण द्यायचे तर घागर मोठी झाली आणि नळाची धार मात्र होती जवळजवळ तेवढीच राहिली. अशी घागर उपडी झाली की पूर्वीपेक्षा जास्त पाणी एकदम पडते आणि ती पुन्हा भरायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागतात. कोसळणारा पाऊस आणि लांबणारा खंड ही दोन वेगळी संकटे वाटतात खरी, पण दोन्हींचे मूळ याच एका घागरीत आहे.

आता तिरपी_नजर यांच्या निम्म्याकडे येतो. गटार कितीही चांगले बांधले तरी ते ‘अमुक वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पावसासाठी आखलेले असते. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि तीस वर्षांच्या मुदतीत तसा पाऊस एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के भरते. हे गणित ज्या जुन्या नोंदींवर उभे आहे, त्या नोंदींचाच पाया सरकत असेल तर जुन्या तक्त्यातील शंभर वर्षांचा पाऊस आजच्या तक्त्यात त्याहून बऱ्याच कमी वर्षांचा ठरू शकतो. त्यामुळे अतिक्रमण आणि हवामान बदल यांपैकी दोषी एकच कोणीतरी असला पाहिजे हे मला पटत नाही. पात्र अर्धे झाले आणि पाऊस सव्वापट झाला, तर दोन्हींचा गुणाकार घरात शिरतो.

काटोलचा_संत्रा

वाफसा सरांनी घागरीचे सांगितले, ते आमच्या वावरात कसे दिसते ते मी सांगतो. माझी संत्र्याची बाग आहे आणि बाकी वावरात कपाशी व सोयाबीन असते.

आमच्या लहानपणी पुनर्वसू-पुष्यात झड लागायची. चार-चार दिवस सूर्य दिसत नसे, आभाळ एकसारखे गळत राहायचे, जनावरे गोठ्याबाहेर निघत नसत आणि चुलीला वाळलेले जळतण मिळत नसे. त्या झडीला आई कंटाळून जाई. पण झड उलगडली की विहिरीत वरून हात बुडेल इतके पाणी आलेले असे. आता झड हा शब्द नातवाला समजावून सांगावा लागतो. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. त्या महिन्यात आम्ही स्प्रिंकलर लावून सोयाबीन जगवले आणि पुढच्याच महिन्यात काकांच्या घरात पाणी शिरले. एकाच हंगामाची ही दोन टोके आहेत.

संत्र्याचे दुखणे आणखी नाजूक असते. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पाने थोडी सुकली, गळू लागली की ताण बसला असे आम्ही समजतो आणि मग पाणी सोडल्यावर झाड फुलावर येते. ऐन ताणावर अवकाळी पाऊस झाला तर ताण तुटतो, फुलांऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, फुटते आणि त्या वर्षीचा बहार हातचा जातो. फुले टिकून फळ धरलेच, तर ऑगस्ट-सप्टेंबरात सतत पाणी साचून मुळांशी बुरशी लागते आणि फळगळ होते. वर्षाचे एकूण मिमी विचाराल तर ते भरलेले असतात. झाड मिमी मोजत नाही, ते तारीख मोजते.

पाणलोट

भाऊ, झडीबद्दल तुम्ही लिहिलेत तोच भूजलाचा गाभा आहे, आणि तो साध्या भागाकाराने दाखवता येतो. चार दिवसांच्या झडीत १०० मिमी पाऊस पडला तर तो तासाला साधारण एक मिमी पडतो. दोन तासांत ९० मिमी पडला तर तासाला ४५ मिमी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हा पहिले पाणी भसाभस पिते, परंतु एकदा का ती फुगून भेगा मिटल्या की तिच्यातून तासाला जेमतेम काही मिमी पाणीच खाली उतरते. एक मिमीचा पाऊस ती सगळा रिचवते. पंचेचाळीस मिमीच्या पावसातले बहुतेक सगळे पाणी वरच्या वर नाल्याला लागते आणि जाताना चांगली माती घेऊन जाते. बेरीज दोन्हीकडे जवळजवळ तीच असते, विहिरीला मात्र एकीकडूनच पाणी मिळते.

खडकाचीही अडचण आहे. नागपूरच्या पश्चिमेला, काटोल-नरखेडकडे, दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि पूर्वेकडे जुना स्फटिकी खडक येतो. दोन्ही कठीण. पाणी साठते ते वरच्या मुरमाड, कुजलेल्या थरात आणि भेगांत, आणि अशा थराची साठवण साधारण एक ते तीन टक्केच असते. ती दोन टक्के धरली तर केवळ २० मिमी पाणी खाली पोहोचल्यावर विहिरीची पातळी एक मीटरने चढते. ऐकायला हे सुखाचे वाटते. पण याचाच उलटा अर्थ असा की ही बँक फार लहान आहे. ती लवकर भरते, वरचे पाणी ओढ्यात सोडून देते आणि दिवाळीनंतर उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर रिकामी होते. म्हणून तिला एकदाच भरपूर पाणी देऊन भागत नाही, थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा द्यावे लागते. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते एकाखाली एक अशा साखळीने बांधणाऱ्या कोहळी समाजाला हे शब्दांत मांडावे लागले नसेल. एका तलावाचा सांडवा दुसऱ्याचा येवा, म्हणजे आत येणारे पाणी, व्हावा अशी ती मांडणीच आहे.

आता काकांच्या मूळ प्रश्नाकडे वळते, कारण त्याचे उत्तर शहराच्या हद्दीत नाही. नागपूर पिते ते पाणी मुख्यतः पेंचचे आणि काही प्रमाणात कन्हानचे. पेंच नदी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, सातपुड्यातून उतरते, तोतलाडोहच्या धरणात येते, तिथून खाली नवेगाव खैरीच्या जलाशयात येते आणि तिथून आपल्या जलशुद्धीकरण केंद्रांकडे. कन्हानही सातपुड्यातूनच येते. ६ जुलै २०१८ ला शहरावर पडलेले अडीचशे मिमी पाणी नागनदी, पिवळी नदी आणि पोहरा नदीतून खाली कन्हानकडे आणि पुढे वैनगंगेत निघून गेले. त्यातला एक थेंबही तोतलाडोहला पोहोचणे शक्य नव्हते, कारण तोतलाडोह नदीच्या वरच्या अंगाला आहे आणि शहर खालच्या. २०१८ मध्ये वरच्या पाणलोटात पाऊस कमी झाला, त्यात मध्य प्रदेशाने पेंचवर बांधलेल्या चौराई धरणात पाणी अडू लागले होते, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोहच्या मृत साठ्यातून, म्हणजे एरवी न वापरल्या जाणाऱ्या तळाच्या साठ्यातून, पाणी उचलण्याची वेळ आली. गंमत अशी की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वरून इतका येवा आला की तोतलाडोहचे दरवाजे उघडावे लागले. जुलैमध्ये दिवसाआड नळ आणि सप्टेंबरमध्ये नदीत विसर्ग, हे एकाच वर्षात आपण पाहिले.

पेंचच्या पाण्याचा दोन राज्यांतील करार १९६४ चा आहे. कोणाला किती, हे त्यात ठरले. परंतु पाऊस पंधरा दिवसांतच उरकणार असेल तर पाणी कोणी कधी अडवायचे आणि कधी सोडायचे, हा प्रश्न तेव्हा आजच्याइतका टोकदार नव्हता. मला स्वतःला हा वाटा किती यापेक्षा केव्हा हा प्रश्न जास्त भेडसावतो.

गोधनी_रोड

पाणलोट ताईंना एक घरगुती प्रश्न. आमच्या इमारतीची गच्ची चार हजार चौरस फुटांची आहे. दोन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडून छतावरचे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी खड्डा करून घेतला. खड्डा दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असून आत दगड, गिट्टी आणि वर वाळू टाकली आहे. पहिल्याच मोठ्या पावसात तो दहा-बारा मिनिटांत भरून पार्किंगमध्ये वाहू लागला. सदस्यांनी सभेत सचिवाचे, म्हणजे माझे, जे काही काढायचे ते काढले. कंत्राटदाराने आता फोन उचलणे बंद केले आहे. यात चूक नेमकी कुठे झाली?

पाणलोट

दादा, सभेत हे गणित वाचून दाखवा. चार हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ३७२ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाला ४५ मिमीच्या वेगाने तुमच्या गच्चीवरून मिनिटाला जवळपास २८० लिटर उतरते. खड्ड्याचे आकारमान आठ हजार लिटर, पण त्यात दगड-गिट्टी भरल्यावर मोकळी जागा चाळीस टक्के उरते असे धरा, म्हणजे ३२०० लिटर. बत्तीसशेला दोनशे ऐंशीने भागले की साडेअकरा मिनिटे. तुमचा खड्डा बरोबर भागाकाराप्रमाणे वागला!

तो झडीसाठी पुरेसा होता, ढगफुटीसारख्या पावसासाठी नाही. उपाय असा की गच्चीचे पाणी आधी एखाद्या मोठ्या टाकीत घ्यावे आणि टाकीतून ते सावकाश खड्ड्यात किंवा जुन्या विहिरीत सोडावे. तुमच्या आवारात बुजवलेली विहीर असेल तर तिच्याइतकी उत्तम जागा नाही. वाळूचा वरचा थर दर मे महिन्यात काढून धुवावा. गच्चीवरची धूळ, कडुनिंबाचा पाला आणि कबुतरांची घाण यांनी तो एका मोसमात गच्च होतो. आणि पहिल्या एक-दोन सरींचे पाणी आत घेऊ नये, ते बाहेर सोडण्याची वेगळी तोटी ठेवावी.

तिरपी_नजर

वाफसा सरांचा गुणाकार मला मान्य करावा लागतो. तो विचार मी तशा रीतीने केला नव्हता. पाणलोट ताईंच्या लिखाणातून मात्र एक शंका राहते. पाऊस इतका लहरी झाला असेल तर जुलैमध्ये पहिला येवा आला की धरण तुडुंब भरून का ठेवू नये? हातचे पाणी सोडून द्यायचे आणि मग मे महिन्यात टँकरमागे धावायचे, हे शहाणपणाचे कसे? शिवाय कन्हानचे पाणी जामघाटाहून बोगद्याने तोतलाडोहला आणायचे आणि वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे पाणी सुमारे ४२७ किलोमीटर लांब कालव्याने पार बुलढाण्याकडे न्यायचे, अशा योजना चर्चेत आहेतच.

पाणलोट

शंका रास्त आहे आणि धरणावर बसणाऱ्या माणसाची झोप नेमकी याच शंकेने उडते. धरणाला दोन कामे एकाच पोटात करायची असतात. उन्हाळ्यासाठी ते भरलेले हवे आणि पुरासाठी ते थोडे रिकामे हवे. म्हणून कोणत्या तारखेला किती साठा असावा याचे एक वेळापत्रक आखलेले असते. जुलैमध्ये काही टक्के जागा मोकळी ठेवायची आणि सप्टेंबरच्या अखेरीस पूर्ण भरून घ्यायचे, अशा धर्तीचे. हे वेळापत्रक जुन्या पावसाच्या चालीवर बेतलेले असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस काय झाले ते आठवा. धरणे भरत आली असताना छिंदवाडा-सिवनी भागात जोराचा पाऊस झाला, चौराईतून आणि पाठोपाठ तोतलाडोहमधून मोठा विसर्ग करावा लागला आणि पारशिवनी, कामठी, मौदा इथली नदीकाठची गावे पाण्यात गेली. त्याच वेळी सिवनीकडून आलेले वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले आणि त्याला पुढे कन्हानचे हे पाणी मिळून ते गोसीखुर्दच्या खाली चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पोहोचले. भंडाऱ्यात त्या दिवशी काही आभाळ फाटले नव्हते. तिथे आलेला पूर वरून चालत आला होता.

म्हणून तुडुंब भरून ठेवा, हा सल्ला खालच्या गावाला विचारून द्यावा लागतो. पाच-सात दिवस आधीचा पावसाचा अंदाज हाताशी धरून थोडे थोडे पाणी आधीच सोडणे, आणि वरच्या राज्यातील धरणाने किती सोडले हे खालच्याला तत्काळ कळणे, हाच त्यातला मार्ग आहे. अंदाज चुकला तर सोडलेले पाणी गेले, याची शिवी मात्र अभियंत्याला खावी लागते; म्हणून तो शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो.

नदीजोडाबद्दल एवढेच म्हणेन की ज्या वर्षी सगळ्या सातपुड्यावर पाऊस रुसतो, त्या वर्षी जोडलेल्या दोन्ही नद्या एकदमच आटलेल्या असू शकतात. त्यापेक्षा भांडेवाडीचे उदाहरण मला जास्त भरवशाचे वाटते. शहराचे सांडपाणी तिथे शुद्ध करून रोज १३० दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची व्यवस्था झाली आणि तितके ताजे पाणी धरणात राहिले. माणसे आंघोळी करत राहतील तोवर हा स्रोत आटत नाही. तो कोणत्याही नक्षत्रावर अवलंबून नाही.

वाफसा

एक राहिलेला मुद्दा, बाष्पीभवनाचा. नागपूरच्या मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला दहा मिमीच्या वर पाणी उडते. एक चौरस किलोमीटर जलाशयावर दहा मिमी म्हणजे दिवसाला एक कोटी लिटर. दुसरीकडे, दोन तासांत ९० मिमी पडल्यावर शहराच्या एका चौरस किलोमीटरवर नऊ कोटी लिटर पाणी आले होते. तापमान वाढले की पहिला खर्च वाढतो आणि दुसरे उत्पन्न नालीत जाते. उथळ आणि गाळाने भरलेला तलाव या खर्चात सर्वाधिक मार खातो, कारण पाण्याच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव, नाईक तलाव यांचा गाळ काढण्याकडे सुशोभीकरण म्हणून पाहिले जाते, ते साठवण म्हणून पाहिले पाहिजे. काठावर दिवे लावण्याआधी तळाची खोली मोजावी, असे मला नेहमी वाटते.

काटोलचा_संत्रा

एक विचारतो. वर्गवारी दिवसाची आणि पाऊस तासाचा, हे काकांनी सुरुवातीलाच लिहिले. आमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा पाहून पीकविम्याचे ठरते आणि माझे वावर त्या यंत्रापासून बरेच लांब आहे. तिकडे कोरडे आणि इकडे बांध फुटलेला, असे कित्येकदा होते. घरी पाऊस मोजायचा असेल तर काय करावे? विमा कंपनी तो आकडा मानणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला तो विहिरीच्या पातळीशी ताडून पाहायचा आहे.

वाफसा

सरळ उभ्या भिंतीचा आणि सपाट तळाचा कोणताही डबा चालेल, तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे असले म्हणजे झाले. घराच्या भिंतीपासून आणि झाडापासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिमी वाचा आणि डबा रिकामा करा. हवामान खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच असतो, त्यामुळे तुलना करता येते. परंतु जोराचा पाऊस सुरू झाला तर साडेआठची वाट पाहू नका. दर पंधरा मिनिटांनी पट्टी लावा आणि घड्याळातली वेळ आकड्याच्या शेजारी लिहा. वेळ नसेल तर तो आकडा झडीचा की लोंढ्याचा, हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही.

नागकाठी

सर्वांचे मनापासून आभार. वाफसा सरांच्या सांगण्याप्रमाणे शेवयांचा स्टीलचा डबा गच्चीवर ठेवला होता, तो पहिल्याच दिवशी माकडांनी खाली फेकला; आता कठड्यापासून हातभर लांब एका खांबाला तारेने बांधला आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाणी जिथपर्यंत आले होते, तिथे ऑइलपेंटने रेघ मारून तारीख घातली आहे. तारखेपुढे वेळ लिहायची म्हणून घरात सगळ्यांना विचारले. मी साडेतीन म्हणतो, पत्नी सव्वाचार म्हणते, आणि समोरच्यांच्या मते तोपर्यंत पाणी उतरायला लागले होते. वेळेची जागा कोरी सोडली आहे.